थोरल्या वाऱ्याचे साक्षीदार

सिबी कॅफर्कीच्या घरात त्या मंगळवारी सकाळी तीन माणसं खोटं बोलायची तालीम करत होती. आणि जिच्यासाठी तालीम चालली होती ती म्हातारी पश्चिमेच्या खोलीत, दाराला आतून खुर्ची लावून बसली होती.

तालीम घेत होती बेबिन, सिबीची नणंद. डोंगरापलीकडे दिलेली ही बाई सहा मैल चालून माहेरी आली होती, कारण या विषयात तिचा हात धरणारं आयर्लंडच्या सबंध मेयो परगण्यात कुणी नव्हतं. तिच्या सासूचं पेन्शन मंजूर झालं होतं, सासऱ्याचं झालं होतं, आणि एका चुलतसासऱ्याचं तर वयाच्या एकोणसाठाव्या वर्षीच झालं होतं. त्याचा धक्का ते अजून पचवत होते.

"पुन्हा एकदा," बेबिन म्हणाली. "साहेब विचारणार, थोरलं वारं सुटलं त्या रात्री तुमची आई कुठे होती? अँथनी, बोल."

"पाळण्यात," अँथनी म्हणाला. हा सिबीचा नवरा. माणूस सरळ होता. खोटं बोलताना तो छताकडे बघायचा.

"पाळण्यात नाही रे माझ्या राजा! पाळण्यातल्या पोराला काय आठवणार, कपाळ? आजीच्या मांडीवर. हातात उकडलेला बटाटा. बटाटा हातात धरता येतो म्हणजे दोन वर्षं पुरी झाली. समजलं?"

"बटाटा सोललेला की सालीसकट?" डीलियाने विचारलं. ती सिबीची थोरली. सतरा वर्षांची, आणि तोंड तीस वर्षांचं.

"सालीसकट," बेबिन गंभीरपणे म्हणाली. "सोललेला म्हटलं की त्यांना वाटतं खाऊनपिऊन सुखी घर आहे."

गोष्ट अशी होती की सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येक गरीब माणसाला नव्या वर्षापासून आठवड्याला पाच शिलिंग द्यायचं सरकारने कबूल केलं होतं. सरकारने आमच्याकडे काहीतरी द्यायला यावं ही घटनाच एवढी नवी होती की सुरुवातीला निम्म्या खोऱ्याने दारं लावून घेतली. मग प्रश्न आला वयाचा. आयर्लंडात जन्माच्या नोंदी ठेवायची कल्पना सरकारला १८६४ साली सुचली. त्याआधी जन्मलेल्यांनी जन्म घेतला हेच पुष्कळ होतं. चर्चची जुनी वही होती, पण तिच्यातली पहिली तीस वर्षं उंदरांनी खाल्ली होती. राहता राहिलं थोरलं वारं. १८३९ च्या जानेवारीत, सहा तारखेला, धाकट्या नाताळच्या रात्री, ते समुद्रावरून आलं आणि पहाटेपर्यंत देशाची छपरं घेऊन गेलं. ती रात्र ज्याला आठवते तो सत्तरीपार, असा सगळ्यांनी सरळ हिशेब धरला. त्यामुळे गेल्या दोन महिन्यांत त्या रात्रीच्या आठवणींना भलतंच पीक आलं होतं. नुसत्या आमच्या खोऱ्यातून त्या रात्री दोनशे बारा छपरं उडाल्याची कागदोपत्री नोंद झाली होती. घरं होती नव्वद.

कॅफर्कींच्या घरात म्हाताऱ्याची, म्हणजे माइल्सची, काळजी नव्हती. तो पंचाहत्तरचा. काळजी होती ती त्याच्या बायकोची. होनोरा सहासष्टची होती आणि हे कुणापासून लपवायची सोय नव्हती, कारण गेली चव्वेचाळीस वर्षं माइल्स प्रत्येक लग्नात आणि प्रत्येक मयताला तेच सांगत आला होता. "मी तिशीतला गडी," तो म्हणायचा, "दारात एक गाय, तीही लंगडी. आणि बावीस वर्षांची पोर डोंगर उतरून माझ्याकडे नांदायला आली!" मयत कुणाचंही असो, हे ऐकल्याशिवाय ते पुरं झाल्यासारखं वाटत नसे.

बावीस आणि चव्वेचाळीस, सहासष्ट. सत्तरीला चार कमी. त्या चार वर्षांसाठी तालीम.

आणि त्या चार वर्षांवर डीलिया लटकली होती. बॉस्टनच्या मावशीचं पत्र परवाच आलं होतं. एप्रिलच्या बोटीचं तिकीट काढू का, उलट टपाली कळवा. अँथनीने पत्र दोनदा वाचलं होतं आणि चुलीत बघत म्हणाला होता, "दोघांची पेन्शनं आली तर पोर राहील. एकाचंच आलं तर जाऊ दे बिचारीला." बोटीवर चढवलेली पोर पुन्हा दिसत नाही हे या खोऱ्यात मुलांना बाराखडीआधी कळतं.

"आईला बाहेर काढ कुणीतरी," बेबिन म्हणाली. "साहेब आता येतील. आणि अँथनी, तुझं ते लपवलंस ना नीट?"

अँथनीने छताकडे बघितलं. "ते" म्हणजे त्याची हातभट्टी. पेन्शनसाठी म्हाताऱ्यांची वयं तपासायचं काम सरकारने अबकारी खात्यावर सोपवलं होतं. म्हणजे जो साहेब वीस वर्षं कॅफर्कींची भट्टी शोधत डोंगर पालथे घालत होता, त्यालाच आज चहा करून द्यायचा होता. तांब्याचं भांडं आणि वेटोळी नळी कालच होनोराच्या पिठाच्या पेटीत, जुन्या गोधड्यांखाली गेली होती. अबकारीचा माणूस म्हातारीच्या माहेरच्या पेटीला हात लावणार नाही, हा अँथनीचा तर्क.

सिबीने चहाचा कप घेतला आणि पश्चिमेच्या खोलीचं दार ठोठावलं.

"आई, चहा."

"ठेव."

"खुर्ची काढलीत तर ठेवते."

आत बराच वेळ विचार झाला. मग खुर्ची सरकली.

अठरा वर्षांत सिबी या खोलीत अशी एकटी सासूपुढे क्वचितच उभी राहिली असेल. घर मुलाच्या नावावर केलं तेव्हा म्हाताऱ्यांनी ही खोली, चुलीजवळची एक जागा आणि एका गाईपुरतं चराऊ गवत एवढं आपल्याकडे ठेवलं होतं, सगळं कागदावर लिहून. चहाची किटली कुणाची हे मात्र लिहायचं राहिलं होतं. त्यावरून अठरा वर्षं युद्ध चालू होतं. शांतपणे, रोज चार वेळा.

होनोरा पेटीवर बसली होती. अंगाने एवढीशी, पाठ ताठ.

"फार उकळलाय," ती चहा बघून म्हणाली.

"तुमच्याच किटलीतला आहे."

"मग बरा असेल." तिने घोट घेतला. "बेबिनला सांग, मी बटाटाबिटाटा काही म्हणणार नाही."

"आई, डीलियासाठीसुद्धा नाही?" सिबी म्हणाली. "एक वाक्य तर बोलायचंय. खोटं बोलून पाप लागलं तर मी घेते वाटून. निम्मं. सगळं घेते."

"खोटं बोलायला मी घाबरत नाही गं. खोटं बोलायचा मला चव्वेचाळीस वर्षांचा सराव आहे."

सिबीने मागचं दार लोटून घेतलं.

"मी शहात्तरची आहे," होनोरा म्हणाली. "पुढच्या महिन्यात सत्त्याहत्तर."

बाहेर बेबिन अँथनीला बटाट्याचा आकार समजावत होती.

"आई," सिबी हळूच म्हणाली, "एवढी आनंदाची बातमी, आणि तुम्ही दार लावून बसलात?"

"हसू नकोस. लग्न ठरवणारा माणूस यांना घेऊन आमच्याकडे आला तेव्हा मी बत्तीसची होते. माझ्यामागे दोन बहिणी खोळंबल्या होत्या. माझ्या वडलांनी त्याला व्हिस्की दिली आणि सांगितलं, बावीस. दहा वर्षं माझा बाप एका घोटात गिळून बसला. मी दाराआड उभी. मला वाटलं, हा माणूस आता हसेल. तर तो तिशीचा घोडा कान चोळत मान हलवत होता. बावीस, म्हणाला, छान." तिने कप खाली ठेवला. "मग काय, बावीसची झाले. दात पडायला लागले तेव्हा म्हटलं, साखर फार खाते. आणि तरणी म्हणून टर्फचा हारा माझ्या पाठीवर. त्यांना कसा उचलू देणार? ते माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे ना!"

सिबीला तो हारा डोळ्यांपुढे दिसला. अठरा वर्षं दिसत आला होता. सासू पुढे, चुलीत जाळायच्या टर्फच्या, म्हणजे वाळवलेल्या दलदलीच्या मातीच्या, काळ्या विटांनी भरलेली ती भली मोठी टोपली पाठीवर घेऊन वाकलेली. आणि मागून सासरा, तोंडात पाइप, हात मोकळे.

"आणि भुकेची सालं..." सिबी म्हणाली आणि थांबली.

"भुकेच्या सालांत मी चार-पाच वर्षांची होते. असं ठरलेलं आहे," होनोरा म्हणाली. "म्हणून मला कधी कुणी काही विचारलं नाही. तेवढ्यासाठी मी बापाला दुवा देते."

त्या बटाट्याच्या दुष्काळात चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीने काय बघितलं असेल, हे सिबीने विचारलं नाही. तीही शेवटी याच खोऱ्यातली.

"मग आज खरं सांगा. खरंच तर सांगायचंय!"

"त्यांच्यासमोर?" होनोराने दाराकडे बोट केलं. "सिबी, या माणसाजवळ आहे काय? जमीन पोराला दिली. होडी फुटली. गाय तर तेव्हाही लंगडीच होती. आहे ती एक गोष्ट, बावीस वर्षांची पोर डोंगर उतरून आली. ती मी सरकारी माणसाला लिहून देऊ? खोडून टाका म्हणून?"

सिबीने खाली ठेवलेला कप उचलला. किटलीवरून भांडणं सोपं होतं.

"ते थोरलं वारं," ती उगाच म्हणाली, "तुम्हाला मग खरंच आठवतं?"

"न आठवायला काय झालं? सात वर्षांची होते. वडलांनी मला याच पेटीत घातलं, पीठ बाहेर काढून. रस्त्यावर अडकलेली कुणी माणसं आसऱ्याला आली होती, त्यांचा पोरगाही माझ्या शेजारी कोंबला. काय रडला गं तो! वाऱ्याचा आवाज ऐकू येईना. शेवटी मी त्याचा कान चावले. चांगला, रक्त येईपर्यंत. तेव्हा गप्प झाला. सकाळी बघतो तर छप्पर नाही, आणि ती माणसं त्यांच्या वाटेने गेलेली."

सिबीने दाराच्या फटीतून बाहेर बघितलं. माइल्स उंबऱ्यावर बसून पाइप ओढत होता, घरात चाललेल्या गोंधळाशी आपला संबंध नसल्यासारखा. डावी बाजू इकडे. टोपीखालून दिसणाऱ्या डाव्या कानाच्या पाळीतून एक नीट अर्धगोल तुकडा गेलेला.

"आई, मामंजींच्या कानाला काय झालं हो?"

"डुकराने चावलं लहानपणी. तुला माहीत नाही का?"

"आहे ना," सिबी म्हणाली. "डुकराने."

ती बाहेर आली. सासऱ्याजवळ गेली, उंबऱ्यावर टेकली आणि खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागली. नाडी बांधलेलीच होती.

"मामंजी, ते डुक्कर किती वर्षांचं होतं?"

माइल्सने पाइप तोंडातून काढला. डोंगराकडे बघितलं. मग सुनेकडे बघितलं.

"सात," तो म्हणाला.

वाटेवर सायकलची घंटी वाजली.

हॅस्लेट साहेब उंच, थकलेला, बेलफास्टकडचा माणूस होता. वीस वर्षं कुंपणांआड लपून लोकांचं बोलणं ऐकल्यामुळे त्याला आमची बोली उत्तम येत होती. सायकलला त्याची मोजपट्टी बांधलेली असायची, घडीची, पितळी टोकांची. पिंपातली दारू मोजायला सरकारने दिली होती. दारातून वाकून आत येत तो म्हणाला, "देवाची कृपा असो या घरावर," आणि सवयीने नाकाने एक खोल श्वास घेतला. अँथनी पांढरा पडला.

"चहा घ्या साहेब," बेबिन म्हणाली. "काय वारं सुटलंय नाही? अर्थात थोरल्या वाऱ्यापुढे काहीच नाही. आमची आई नेहमी म्हणते..."

"बटाटा," हॅस्लेट म्हणाला.

"अं?"

"हातात बटाटा होता. मांडीवर होत्या. सालीसकट." त्याने वही उघडली. "बाईसाहेब, दोन महिन्यांत मी त्या रात्रीचे तीनशे सात बटाटे लिहून घेतले. एवढे बटाटे होते तर नंतर या देशात एवढी माणसं उपाशी का मेली, हे एकदा कुणीतरी मला सांगावं."

बेबिनने पुढे केलेला चहा मागे घेतला. हॅस्लेटला आपण काय बोललो ते कळलं. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "माफ करा," तो म्हणाला. "सकाळपासून अकरावं घर आहे."

मग त्याने माइल्सला समोर बसवलं.

"माइल्स कॅफर्की. तुम्हाला मी ओळखतो."

"साहेबांची मेहरबानी."

"वयाचा प्रश्नच नाही. तुमचं वय सरकारकडे आधीच आहे." हॅस्लेटने दुसरी, जुनी वही काढली. "१८९५. विनापरवाना दारू. मॅजिस्ट्रेटपुढे तुम्ही शपथेवर सांगितलं होतं की वय वर्षं ऐंशी, दृष्टी अधू, फार दिवस राहिले नाहीत. दंड पाच पौंडांवरून एक शिलिंगावर आला होता. म्हणजे आता," त्याने बोटं मोजली, "त्र्याण्णव. तब्येत छान ठेवलीत."

"डोंगरची हवा," माइल्स पुटपुटला.

डीलियाने पदराआड तोंड लपवावं तसं आपल्या शालीत तोंड लपवलं. हॅस्लेटने गंभीर चेहऱ्याने त्र्याण्णव लिहिलं. "आता आजींना बोलवा."

होनोरा स्वतःच बाहेर आली. नवऱ्याच्या शेजारच्या स्टुलावर बसली, हात मांडीवर. सिबी चुलीपाशी उभी होती, तिथून तिला एका रांगेत सगळं दिसत होतं. सासू, सासरा, आणि त्यांच्या मागे दाराच्या उजेडात डीलिया.

"तुमचं वय?"

होनोराने नातीकडे बघितलं. मग नवऱ्याकडे. तोंड उघडलं.

"सहासष्ट," होनोरा म्हणाली.

बेबिनच्या तोंडून जो आवाज निघाला तो मयतातसुद्धा क्वचित ऐकू येतो. अँथनी छताकडे बघायचं विसरला. हॅस्लेटने लेखणी थांबवली. दोन महिन्यांत वय कमी सांगणारी पहिलीच बाई त्याला भेटत होती, आणि हा अर्ज कुठल्या रकान्यात भरायचा हे त्याला सुचत नव्हतं.

"आजी, तसं असेल तर मला अर्ज नामंजूर..."

"ती खोटं बोलतेय, साहेब," माइल्स म्हणाला.

होनोराने चमकून मान वळवली. "अहो!"

"शहात्तरची आहे ती. माझ्याहून मोठी, दोन वर्षांना थोडे महिने कमी." त्याने पाइप खाली ठेवला. "थोरल्या वाऱ्यात ती सात वर्षांची होती आणि मी पाच. मी बघितलंय."

"तुम्ही पाच?" हॅस्लेटने जुन्या वहीवर बोट ठेवलं. "सरकारी कागदाप्रमाणे तुम्ही तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांचे होता."

सिबीच्या मनात आलं, संपलं. आता म्हातारा कोर्टात खोटं बोलल्याचं कबूल करेल तर स्वतःचंही घालवेल, आणि नाही करणार तर हिचं जाईल.

माइल्सने टोपी काढली. नेहमी डावीकडे ओढून घातलेली टोपी.

"कोर्टात मी खोटं बोललो," तो म्हणाला. "पंचाहत्तरचा आहे. त्याबद्दल न्यायचं तर न्या मला. पण हिचं नीट लिहा. आम्ही जत्रेहून परत येताना वारं सुटलं. एका घरात शिरलो, तिथल्या माणसाने मला पिठाच्या पेटीत टाकलं. आत एक पोरगी होती. मी रडत होतो. तिने हे केलं." आणि त्याने कान पुढे केला.

चुलीतली एक वीट कोसळून ठिणग्या उडाल्या.

"तुम्हाला डुकराने..." होनोरा म्हणाली.

"डुक्कर नव्हतं गं. तू होतीस."

"साहेब," सिबी पुढे झाली, "शपथ घालाल त्यावर हात ठेवते. घटकेपूर्वी आईंनी मला हेच सांगितलं. फक्त तो पोरगा कोण हे त्यांना माहीत नव्हतं."

"एका घरातली माणसं," हॅस्लेट थकून म्हणाला. "मी तीनशे सात बटाटे लिहिलेत, बाई."

"बटाटा नव्हता," माइल्स म्हणाला. "चावल्यानंतर तिने मला दिलं ते..."

"थांबा!" हॅस्लेटने हात वर केला. तो पहिल्यांदाच ताठ बसला. "तुम्ही एक अक्षर बोलू नका. आजी, तुम्ही सांगा. त्या पोराला काय दिलंत?"

होनोरा नवऱ्याच्या कानाकडे बघत होती. जणू चव्वेचाळीस वर्षं जेवणाच्या टेबलावर समोर असलेला तो कान तिला कुणी आत्ता आणून दाखवला होता.

"धाकटा नाताळ होता," ती सावकाश म्हणाली. "आईने केक केला होता. मी त्यातले मनुके वेचून खिशात ठेवले होते. पाच होते. ते दिले."

"चार," माइल्स म्हणाला.

"पाच."

"चार दिलेस. पाचवा तू खाल्लास. मी बघत होतो."

"अंधारात बघत होतास? पेटीत?"

"चावण्याचा आवाज आला!"

"रडत होतास, तुला काय ऐकू येणार!"

हॅस्लेटने वहीत काहीतरी लिहिलं. ते त्याने दोनदा गिरवलं. "मनुके," तो स्वतःशीच म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर दोन महिन्यांचं ओझं उतरल्यासारखं काहीतरी आलं. "पेटी कुठे आहे ती?"

"या खोलीत," डीलिया मदतीला धावली. "चला, दाखवते."

अँथनीने तिच्याकडे असं बघितलं की बॉस्टन काही वाईट शहर नाही असं त्याला त्या क्षणी वाटत असावं.

सगळे खोलीत गेले. पेटी खिडकीखाली होती, काळी पडलेली, कोपरे झिजलेले. हॅस्लेट तिच्यासमोर उभा राहिला. सरकारी माणूस म्हणून दोन मुलं मावतात का हे बघणं त्याला भाग होतं, आणि त्यासाठी झाकण उघडणं भाग होतं. त्याने हात पुढे केला. मग तो थांबला. नाकाने एक खोल श्वास घेतला. अँथनीकडे बघितलं. अँथनी छताकडे बघत होता. बेबिन मनातल्या मनात कुठल्याशा संताला नवस बोलत होती.

होनोरा पुढे झाली आणि पेटीवर बसली.

"माझ्या माहेरची आहे," ती म्हणाली.

हॅस्लेटने हात मागे घेतला. मग बाहेर जाऊन सायकलची मोजपट्टी आणली. घड्या उलगडल्या, गुडघ्यावर बसला, आणि म्हातारीच्या पायांच्या बाजूने बाहेरून पेटी मोजली. लांबी, रुंदी, उंची. काम चोख.

"पावणेचार फूट," तो म्हणाला. "दोन पोरं सहज. आत बघायची गरज नाही." उठताना त्याचा गुडघा वाजला. "खोट्या शपथा मॅजिस्ट्रेटने बघाव्यात. माझ्याकडे दोनच कामं आहेत, दारू आणि म्हातारपण. आज म्हातारपणाचा दिवस आहे." दारात तो वळला. "दारूचा दिवस गुरुवार."

"गुरुवार," अँथनीने भक्तिभावाने म्हटलं.

"दोन्ही अर्जांची शिफारस करतोय. पेन्शनची समिती माझा शब्द सहसा मोडत नाही. पहिल्या जानेवारीला, शुक्रवारी, पोस्टात या. आणि आजोबा, त्र्याण्णव मी खोडलंय. पुन्हा वाढवू नका."

सायकलची घंटी वाटेच्या वळणावर ऐकू आली तेव्हा डीलिया आधी हसली आणि मग भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. सिबीने तिला मागून धरलं. एप्रिलमध्ये ही पाठ इथेच असेल, हे तिला अजून खरं वाटत नव्हतं. ती नुसती धरून राहिली. बेबिन म्हणाली की तिचा बटाटाही चालला असता, पण तिचं कुणी ऐकलं नाही.

पेटीवर होनोरा तशीच बसून होती. माइल्स समोर उभा, टोपी हातात.

"कधीपासून माहीत होतं?" तिने विचारलं.

"तुमच्या दारातून आत आलो तेव्हापासून. पेटी बघितली. तुला बघितली. तुझे वडील म्हणाले, बावीस." त्याने कान चोळला. "मी म्हटलं, बावीस तर बावीस. मला तूच हवी होतीस. उगाच भाव कशाला करा?"

"आणि ते सगळ्या मयतांतून सांगत फिरायचास ते?"

"तुला बरं वाटायचं म्हणून."

"मला!" होनोरा म्हणाली. "मी तुझ्यासाठी..." तिने नाक पुसलं. मग तिच्या डोळ्यांत काहीतरी हळूहळू उजळत गेलं, आणि सिबीला ते दिसलं, आणि सिबी मनात म्हणाली, आता आलं हिच्या लक्षात.

"म्हणजे," होनोरा सावकाश उठत म्हणाली, "मी मोठी आहे हे माहीत असून चव्वेचाळीस वर्षं तो हारा माझ्या पाठीवर?"

"तूच म्हणायचीस, मी तरणी आहे, तुम्ही राहू द्या..."

"अरे, मी म्हणायचेच!"

"मग मी कोण नाही म्हणणारा?"

चुलीत टर्फ संपत आली होती. चहा पुन्हा ठेवायचा होता. होनोरा बाहेर गेली. जाता जाता सिबीच्या हातात तिने चहाची किटली दिली, अशी सहज, की सिबीला ती दोन्ही हातांनी धरावी लागली. मग भिंतीवरचा हारा काढला, अंगणात नेला आणि नवऱ्याला खुणेने वाकवलं. पट्टा त्याच्या छातीवरून नीट ओढून घेतला, टोक दोनदा तपासलं. ती ढिगाजवळ गेली आणि विटा निवडायला लागली. वाळलेल्या, हलक्या. एक घातली. दुसरी घातली. तिसरी हातात तोलून बघितली, बदलली, घातली.

माइल्सने मान वळवून मागे बघायचा प्रयत्न केला.

"तीनच?"

"बास झाल्या," होनोराने त्याची टोपी चावलेल्या कानावर ओढून दिली. "लहान आहेस अजून."